टीव्ही सिरीजचे स्पिन-ऑफ: एवढे का निघतात आणि त्यातले बघायचे कुठले? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

स्पिन-ऑफ, सिक्वेल, रीबूट, रिव्हायव्हल... हे सगळं एकच ना?

नाही, पण गोंधळ होतो खरा. चालू किंवा संपलेल्या सिरीजमधलं एखादं पात्र, जागा नाहीतर डिपार्टमेंट उचलून त्याची वेगळी सिरीज काढली की तो स्पिन-ऑफ. तीच माणसं दहा-वीस वर्षांनी परत आली तर रिव्हायव्हल, तीच गोष्ट नवे नट घेऊन पहिल्यापासून सांगितली तर रीबूट. प्रीक्वेल म्हणजे फक्त काळ आधीचा, त्यामुळे 'बेटर कॉल सॉल' प्रीक्वेल पण आहे आणि स्पिन-ऑफ पण. कंपन्या यातला सोयीचा शब्द वापरतात. कुणी 'युनिव्हर्स' म्हणायला लागलं की ओळखायचं, अजून तीन-चार रांगेत आहेत.

हे ओटीटी आल्यापासूनच सुरू झालं का?

अजिबात नाही. अमेरिकेत सत्तरच्या दशकात हे इतकं जोरात होतं की आजच्या कंपन्या त्यापुढे लाजतील. १९७१ मध्ये 'ऑल इन द फॅमिली' सुरू झाली. त्यातल्या एडिथची चुलतबहीण मॉड एकदा घरी आली आणि १९७२ मध्ये तिची स्वतःची सिरीज निघाली. मग मॉडच्या घरी काम करणारी फ्लोरिडा लोकांना आवडली, १९७४ मध्ये तिची 'गुड टाइम्स'. शेजारचं जेफरसन कुटुंब १९७५ मध्ये वेगळं झालं आणि 'द जेफरसन्स' ११ सीझन, २५३ एपिसोड चालली, म्हणजे मूळ सिरीजपेक्षा जास्त! मग जेफरसनांच्या घरातल्या फ्लोरेन्सला पण १९८१ मध्ये 'चेकिंग इन' नावाची सिरीज दिली, ती ४ एपिसोडमध्ये आटोपली आणि बाई गुपचूप परत जेफरसनांच्या घरी कामाला. माझ्या मते टीव्हीच्या इतिहासातली ही सगळ्यात सोपी घरवापसी.

'हॅपी डेज'मधून 'लव्हर्न अँड शर्ली' आली, 'मॉर्क अँड मिंडी' आली (रॉबिन विल्यम्स लोकांना माहीत झाला तो त्यातूनच), आणि 'जोनी लव्ह्ज चाची' पण आली जी १७ एपिसोडमध्ये झोपली. थोडक्यात, तेव्हाही भरमार होती आणि तेव्हाही अर्ध्याअधिक आपटायच्या. १९९७ मध्ये 'द सिम्पसन्स'ने एक अख्खा एपिसोड फक्त स्पिन-ऑफची टिंगल करायला काढला होता. गंमत म्हणजे 'सिम्पसन्स' स्वतःच 'द ट्रेसी उलमन शो'मधल्या छोट्या छोट्या कार्टूनमधून बाहेर पडलेली.

मग आत्ताच एवढी ओरड का?

कारण काय उचललं जातं ते बदललंय, आणि माझं सगळं भांडण इथेच आहे. आधी पात्र उचलायचे. पात्र बॅग भरून दुसऱ्या गावात जायचं, तिथे त्याला नवी माणसं भेटायची, सिरीजचा पोतच वेगळा व्हायचा. 'द मेरी टायलर मूर शो' ही हसवणारी अर्ध्या तासाची सिटकॉम. त्यातला खडूस बॉस लू ग्रँट १९७७ मध्ये उचलला आणि त्याच्यावर काय काढली तर वर्तमानपत्राच्या ऑफिसातली तासाभराची सिरीयस ड्रामा, मागे हसणारं पब्लिक वगैरे काही नाही. तोच नट, तेच पात्र, अख्खा प्रकारच वेगळा, आणि ती ५ सीझन चालली. आज असा प्रस्ताव घेऊन कोणी गेलं तर त्याला चहा पण न देता परत पाठवतील.

आता उलटं झालंय, पात्र मागे राहतं आणि पाटी पुढे येते. गुन्ह्यांच्या तपासाची 'सीएसआय' झाली की 'सीएसआय: मायामी', मग 'न्यूयॉर्क', मग 'सायबर', मग 'व्हेगस'. 'एनसीआयएस'चं लॉस एंजेलिस झालं, न्यू ऑर्लीन्स झालं, हवाई झालं, शेवटी गाडी सिडनीला पोचली. माणसं नवी, पण ढाचा तोच, सुरुवातीला प्रेत तसंच सापडणार आणि कॉम्प्युटरवाला हुशार माणूस तसाच एका कोपऱ्यात बसलेला असणार. या सिरीज वाईट असतात असं नाही (मी 'लॉ अँड ऑर्डर: एसव्हीयू' न कंटाळता बघतो, ती १९९९ पासून चालूच आहे), पण त्यांना स्पिन-ऑफ म्हणण्यापेक्षा ब्रँच ऑफिस म्हणावंसं वाटतं.

हा प्रयोग 'ऑल इन द फॅमिली'वाल्यांनीही शेवटी करून बघितला होता बरं का. १९९४ मध्ये '७०४ हाउजर' काढली, तेच घर, तोच पत्ता, आत राहणारं कुटुंब मात्र नवीन. जेमतेम महिनाभर टिकली.

पण एवढे काढतातच का? नवीन गोष्टी सुचत नाहीत का?

सुचतात हो, लेखकांच्या ड्रॉवरमध्ये ढिगाने पडल्यात. अडचण अशी आहे की नवीन नाव लोकांच्या कानावर घालायलाच प्रचंड पैसा जातो. एफएक्स चॅनलचे जॉन लँडग्राफ दरवर्षी अमेरिकेतल्या कथा असलेल्या सिरीज मोजायला लावायचे, 'पीक टीव्ही' (म्हणजे सिरीजच्या संख्येचा कळस) हा शब्दपण त्यांनीच रूढ केला. २००९ मध्ये त्यांच्या मोजणीत २१० सिरीज होत्या, २०२२ मध्ये ५९९. एका वर्षात ५९९! त्या गर्दीत तुमच्या नव्याकोऱ्या सिरीजचं नाव कोणाच्या लक्षात राहणार? ओळखीची पाटी लावली की निदान माणूस स्क्रोल करताना क्षणभर थांबतो. मग पैशाची चणचण सुरू झाली, २०२३ मध्ये आकडा ५१६ वर आला, आणि कमी सिरीज काढायच्या तर जोखीम कोण घेणार म्हणून उलट ओळखीच्या नावांनाच जास्त भाव आला.

दुसरं कारण हक्कांचं, आणि ते 'यलोस्टोन'च्या उदाहरणात एकदम स्वच्छ दिसतं. सिरीज पॅरामाउंटची, टीव्हीवर तुफान चाललेली, पण तिचे स्ट्रीमिंगचे हक्क २०२० मध्येच पीकॉकला म्हणजे प्रतिस्पर्ध्याला विकून बसलेले. पुढच्याच वर्षी पॅरामाउंट प्लस सुरू झालं आणि यांच्याकडे यांचीच सगळ्यात मोठी सिरीज दाखवायला नाही! मग काय, त्या सिरीजमधल्या डटन कुटुंबाचे पणजोबा-खापरपणजोबा शोधून काढले, '१८८३' आली, मग '१९२३' आली, आणि या मात्र पॅरामाउंट प्लसवरच. दोन्ही बघण्यासारख्या आहेत, '१८८३' तर मला मूळ सिरीजपेक्षा उजवी वाटते, पण जन्माचं कारण बघा ना, गोष्ट शिल्लक होती म्हणून नाही तर करार हुकला होता म्हणून.

तिसरं कारण सबस्क्रिप्शन. आवडती सिरीज संपली की लोक ॲप बंद करतात, म्हणून ती संपूच द्यायची नाही. 'द वॉकिंग डेड' २०२२ मध्ये संपली असं आपण म्हणतो, पण २०२३ मध्ये 'डेड सिटी' आणि 'डॅरिल डिक्सन', २०२४ मध्ये 'द वन्स हू लिव्ह'. मुख्य पात्रं दोघं-दोघं वाटून घेतली आणि प्रत्येक जोडीला एक सिरीज. आता सांगा, जे पात्र पुढच्या सिरीजच्या पोस्टरवर आधीच झळकलंय ते शेवटच्या सीझनमध्ये मरेल अशी भीती कोणाला वाटेल? मूळ सिरीजच्या शेवटातली हवा गेली ती अशी.

बॅकडोअर पायलट काय प्रकार आहे?

नवीन सिरीजचा नमुना एपिसोड वेगळा शूट करण्याऐवजी चालू सिरीजच्याच एका एपिसोडमध्ये तो घुसवायचा. चॅनलचा खर्च वाचतो, प्रेक्षक आयते असतात, नाही जमलं तर एक एपिसोड वाकडा गेला म्हणायचं आणि पुढे जायचं. 'एनसीआयएस' अशीच आली, एप्रिल २००३ मध्ये 'जॅग'च्या दोन एपिसोडमधून.

ओळखायला सोपं असतं. तुमची नेहमीची माणसं अचानक गप्प होतात, कोपऱ्यात उभी राहून माना डोलावतात, आणि ज्यांना तुम्ही जन्मात पाहिलेलं नाही असे चार-पाच जण येऊन एकमेकांना नावाने हाका मारत, जुने वाद उकरून काढत असं वागायला लागतात की जणू आपण त्यांना वर्षानुवर्षं ओळखतोय. 'द गोल्डन गर्ल्स'ने १९८७ मध्ये हे केलं, चार बायकांच्या घराशेजारचे कधीही न दिसलेले शेजारी एकदम घरोब्याचे होऊन दारात. तो एपिसोड कोणाला आवडला नाही, पण आयडिया पूर्ण बदलून, दुसरी माणसं घेऊन 'एम्प्टी नेस्ट' निघाली आणि ती मात्र चालली.

'द ऑफिस'च्या शेवटच्या सीझनमध्ये एक एपिसोड ड्वाइटच्या शेतावर आणि त्याच्या भावंडांवर घसरतो तो आठवतोय? 'द फार्म' नावाच्या सिरीजचा तो पायलट. एनबीसी चॅनलने नको म्हटलं आणि मग शूट झालेलंच कापून-जोडून एपिसोड म्हणून लावून टाकलं. आता परत बघा, सांधा स्पष्ट दिसतो.

चांगला स्पिन-ऑफ कसा असतो?

माझ्यासाठी दोन नावं पुरेत.

पहिलं 'फ्रेझर'. 'चिअर्स'मध्ये हा डॉक्टर १९८४ मध्ये थोड्याच एपिसोडपुरता आणला होता, तो राहिला ९ वर्षं. सिरीज संपल्यावर त्याला बॉस्टनच्या त्या बारमधून उचलून थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला सिअॅटलला नेलं, म्हणजे जुने लोक दर आठवड्याला सहज डोकावणार नाहीत. त्याचा महागडा फ्लॅट, डिझायनर फर्निचर, आणि मधोमध वडिलांची ती टेप चिकटवलेली, रंग उडालेली आरामखुर्ची. ती खुर्ची घरात आली की बाप-लेकाचं नातं सांगायला वेगळा संवाद लिहायची गरजच नाही. आता गंमत अशी की 'चिअर्स'मध्ये फ्रेझरने सांगितलं होतं की वडील शास्त्रज्ञ होते आणि वारले. इथे वडील जिवंत आणि रिटायर्ड पोलीस! लेखकांनी हे दडपलं नाही, १९९५ मध्ये 'चिअर्स'चा सॅम पाहुणा म्हणून आला तेव्हा त्याच्याच तोंडून विचारलं, आणि फ्रेझर ओशाळून कबूल करतो की तेव्हा वडिलांशी भांडण झालं होतं म्हणून तसं ठोकून दिलं. चूक होती तिचाच विनोद केला, आणि तो त्या माणसाच्या स्वभावाला बरोब्बर शोभतो. सर्वोत्कृष्ट कॉमेडीचा एमी सलग ५ वर्षं मिळाला त्यांना.

दुसरं 'बेटर कॉल सॉल'. 'ब्रेकिंग बॅड'मध्ये २००९ साली सॉल हा वकील पहिल्यांदा दिसतो त्याच एपिसोडमध्ये त्याला वाळवंटात नेऊन गुडघ्यावर बसवलेलं असतं, आणि घाबरून तो बडबडतो की मी नाही, इग्नासियोने केलं, तुम्हाला लालोने पाठवलं नाही ना? मूळ सिरीजमध्ये हे दोघं कोण ते कधीच कळत नाही, ओघात टाकलेली नावं ती. स्पिन-ऑफवाल्यांनी ती दोन नावं उचलली आणि त्यातून नाचो आणि लालो अशी दोन जबरदस्त पात्रं उभी केली. लालो पडद्यावर यायला २०१८ उजाडलं. आणि इथली नायिका किम वेक्सलर तर मूळ सिरीजमध्ये नाहीच, त्यामुळे सॉल वाचणार हे माहीत असूनही हिचं काय होणार या धास्तीने आपण सहा सीझन बघतो. (५३ एमी नामांकनं, एकही पुरस्कार नाही. यावर मी काही बोलणार नाही, बोललो तर पान पुरणार नाही.)

आणि फसलेला?

'जोई'. २००४ मध्ये 'फ्रेंड्स' संपली, लगेच जोईला लॉस एंजेलिसला पाठवलं. वाटलं, सगळ्यांचा लाडका आहे, चालेल. पण जोईची मजा कशात होती? चॅन्डलर त्याच्याकडे बघून जो चेहरा करायचा त्यात, रॉस वैतागायचा त्यात. बाकीचे पाच जण काढून घेतल्यावर उरला फक्त एक भोळसट माणूस, आणि तोच हिरो म्हटल्यावर त्याला थोडं शहाणं पण करावं लागलं, म्हणजे होतं तेही गेलं. दोन सीझन, त्यातले शेवटचे ८ एपिसोड अमेरिकेत तेव्हा दाखवलेच नाहीत.

अलीकडचं म्हणाल तर 'सूट्स एलए'. 'सूट्स' २०१९ मध्ये संपली होती, तिचा पहिला स्पिन-ऑफ 'पिअर्सन' एका सीझनमध्ये गुंडाळला होता. मग २०२३ मध्ये जुनी 'सूट्स' नेटफ्लिक्सवर आली आणि लोक येड्यासारखे बघायला लागले, प्रेक्षक मोजणाऱ्या निल्सन कंपनीच्या मोजणीत त्या वर्षी अमेरिकेत ५,७७० कोटी मिनिटं. झालं, लगेच नवीन शहर, नवीन वकील, तीच पाटी. फेब्रुवारी २०२५ ला सुरू, मे मध्ये रद्द. लोकांना जुन्या सिरीजमधले हार्वी, माइक आणि डॉना हवे होते, कोर्टाच्या फायली नको होत्या. हार्वीला मध्येच तीन एपिसोडसाठी आणला, तर तो आल्यावर हिरो अजूनच फिका दिसायला लागला.

सगळं समजायला सगळं बघावं लागतं का?

नको व्हायला, पण व्हायला लागलंय. 'स्टार वॉर्स'च्या जगातल्या 'द मॅन्डलोरियन'च्या दुसऱ्या सीझनच्या शेवटी तो हिरवा पिल्लू ग्रोगू ल्यूकबरोबर निघून जातो, नायक हेल्मेट काढून निरोप देतो, आपण नाक पुसतो. तिसरा सीझन लावावा तर पिल्लू परत मांडीवर! झालं काय तर ती अख्खी भेट 'द बुक ऑफ बोबा फेट' नावाच्या दुसऱ्याच सिरीजमध्ये उरकलेली. त्या सिरीजच्या पाचव्या एपिसोडमध्ये तर खुद्द बोबा फेटच नाही, ज्याच्या नावाने सिरीज तोच गैरहजर.

'ॲरो', 'द फ्लॅश' वगैरे सुपरहिरो मंडळींनी २०१९-२० मध्ये एकच गोष्ट पाच वेगवेगळ्या सिरीजच्या पाच एपिसोडमध्ये वाटून सांगितली होती. फॅन लोकांना ती पर्वणी, मान्य. पण जो फक्त 'फ्लॅश' बघत होता त्याने काय करायचं? मनोरंजनाला गृहपाठ लागला की निम्मी मुलं वर्गातून पळतात. डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीपण २०२३ मध्ये जाहीर मान्य केलं की मार्व्हलच्या सिरीज वाढवल्या त्यामुळे लक्ष विभागलं गेलं.

हे फक्त अमेरिकेचं खूळ आहे का?

नाही, पण तिथलं प्रमाण अफाट. ब्रिटनमध्ये 'इन्स्पेक्टर मोर्स'चं मला फार कौतुक आहे. आधी त्याचा सहकारी सार्जंट मोठा होऊन 'लुईस', मग तरुण मोर्सवर 'एंडेव्हर', दोन्ही सावकाश, थोडेच पण लांब एपिसोड, आणि एकीचा गाशा गुंडाळत आला तेव्हा दुसरी रुळली होती. 'डॉक्टर हू'मधून 'टॉर्चवुड' निघाली ती खास मोठ्यांसाठी आणि 'द सारा जेन ॲडव्हेंचर्स' निघाली ती मुलांसाठी, म्हणजे वाटणीला काहीतरी अर्थ होता. स्पेनच्या 'मनी हाइस्ट'मधून 'बर्लिन' आली. हिंदीत 'कुमकुम भाग्य'मधून 'कुंडली भाग्य' निघाली.

रिॲलिटी शोचे स्पिन-ऑफ यात धरायचे का?

धरले तर हे पान संपणारच नाही. 'द रिअल हाउसवाइव्ह्ज' २००६ मध्ये एका परिसरातून सुरू झाली आणि मग शहरामागून शहर. तिथे ना पटकथेचा मोठा खर्च, ना नटांचा, त्यामुळे कोणी भांडलं की सिरीज, कोणी लग्न केलं की सिरीज.

मूळ सिरीज न बघता थेट स्पिन-ऑफ लावला तर चालेल?

'फ्रेझर': बिनधास्त. 'हाउस ऑफ द ड्रॅगन': चालेल, गोष्ट 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पावणेदोनशे वर्षं आधीची आहे, उलट आधीचा शेवट पाहून चिडला नसाल तर फायदाच. 'यंग शेल्डन': चालेल, आणि ती 'बिग बँग थिअरी'पेक्षा जास्त मायेची आहे. 'बेटर कॉल सॉल': नको, आधी 'ब्रेकिंग बॅड'च बघा, काळ्या-पांढऱ्या रंगातले ते सीन तुमच्या डोक्यावरून जातील. 'एनसीआयएस': 'जॅग' पाहिलेला माणूस शोधून दाखवा, मग बोलू.

रद्द झालेला, कधीच न दिसलेला एखादा स्पिन-ऑफ बघायला मिळावा असं वाटतं का?

'गेम ऑफ थ्रोन्स'चा पहिला प्रयत्न. हजारो वर्षं आधीचा काळ, नेओमी वॉट्स मुख्य भूमिकेत, पायलट पूर्ण शूट झाला, सुमारे ३ कोटी डॉलर गेले आणि २०१९ मध्ये एचबीओने तो कपाटात टाकला. वाईट असेल कदाचित, पण त्यात ओळखीचं एकही पात्र असणं शक्य नव्हतं, म्हणून कुतूहल.

सिरीज स्पिन-ऑफ व्हायची राहिली आणि त्यामुळे चांगली झाली, असं कधी झालंय?

झालंय की. एनबीसीला 'द ऑफिस'चा स्पिन-ऑफ हवा होता आणि ग्रेग डॅनियल्स आणि मायकल शूर यांना ते काम दिलं. दोघांनी बरेच दिवस डोकं खाजवलं, कुठलं पात्र उचलायचं यावर खल झाला, आणि शेवटी त्यांनी कोणालाच उचललं नाही. फक्त कॅमेऱ्याकडे बघून बोलायची ती डॉक्युमेंटरीची पद्धत तेवढी ठेवली आणि एका छोट्या गावाच्या बागा सांभाळणाऱ्या सरकारी खात्यावर नवीनच सिरीज लिहिली, 'पार्क्स अँड रिक्रिएशन'. पहिला सीझन जरा चाचपडतो कारण नायिका लेस्ली त्यात 'ऑफिस'च्या बॉसची बहीण वाटते. दुसऱ्या सीझनपासून ती स्वतःसारखी वागायला लागते, तिथून बघायला सुरुवात केलीत तरी काही बिघडत नाही.